येसराचे दोन पत्ते

आत्याबाई, मागल्या आठवड्यात जळकोटला तुमच्या दारावर माणसं आली होती. नवरा-बायको, उदगीरकडचे, पोरीचं लग्न ठरलेलं. चांगली दहा मिनिटं कडी वाजवली म्हणे. शेजारच्या काकूनं भिंतीवरून विचारलं, कोण पाहिजे, तर म्हणाले, पंगतीच्या आमटीला लग्नाचा येसर पाहिजे, फोन हाच पत्ता दाखवतोय, आत्ताच त्यातली बाई बोलली की तुम्ही पोचलात. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि दोन माणसं उन्हात उभी राहून येसर मागून राहिलेली. तिनं मला फोन लावला तेव्हा मी इकडं कंधारला दुकानात येसराच्या मसाल्याचे धणे निवडत होते. "अगं, तुझ्या सासूकडं गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली. हसतच म्हणाली बिचारी. मी सूप खाली ठेवलं, ते पुन्हा उचलायला लई वेळ लागला.

हे सगळं तुमच्या पणतीचं काम. तुम्ही तिला बघितलं न्हाई. नांदेडला कॉलेजात शिकते, नाक तुमचं आहे, बोलणंही तुमच्यासारखंच तोडून. एका सुट्टीत आली आणि मला म्हणाली, आजी, आता लोक स्टँडवर उतरून विचारत न्हाईत, फोनला विचारतात, आणि फोनला आपण माहीतच न्हाई तर तो सांगणार कसा. मग तिनं फेसबुकवर, इन्स्टावर दुकानाचं पान काढलं, नकाशात दुकान बसवलं. आधी फोटोखाली लिहायची, परंपरेची अस्सल चव. कुणी काही फिरकलं न्हाई. शेवटी मला विचारलं, गिऱ्हाईक दुकानात आलं की पहिलं काय बोलतं. मी म्हटलं, परंपरा कुणी मागत न्हाई बाई, ते म्हणतात, लग्नाचा येसर हाय का, दोनशे पानांना किती लागंल. तिनं तेच लिहिलं जसंच्या तसं, खाली कंधार, नांदेड घातलं, आणि आठवड्याला दोन फोटो टाकून विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी जबाब द्यायला लागली. दोन महिन्यांत असं झालं की नांदेडात कुणी फोनला येसर विचारला की पहिलं आपलं दुकान येतं. फोटोत माझे हात आहेत, हिरव्या बांगड्यांचे. मला इतकं भारी वाटलं की मी बसच्या कंडक्टरलासुद्धा दाखवलं. रोज नातीला सांगते, शोध गं जरा, आपण कुठं आहोत. ती म्हणते, "आजी, तू स्वतःलाच किती शोधशील?"

तर महाशिवरात्रीच्या आधी आम्ही जळकोटला घर झाडायला गेलो होतो. तुमच्या दारात उभी राहून तिनं फोन वर धरला आणि विचारलं, इथं पण मिळतो का आपला येसर, इथला पत्ता पण टाकू का. मला चांगलं कळलं होतं ती काय विचारते ते. मी म्हटलं, टाक, इथं बी मिळतो. झालं, तुमच्या दाराचं दुकान झालं. उदगीरकडून कुणी शोधलं की त्याला कंधार लांब पडतं, तुमचं दार जवळ, म्हणून फोन तिकडंच धाडायला लागला. त्या माणसानं कुलपाचा फोटो टाकला, एकच चांदणी दिली आणि खाली लिहिलं, इथं कोणी नाही. मी दोन बोटांनी तो फोटो मोठा केला. कुलूप, उंबरा, ओटा. ओट्यावर तुम्ही डबा ठेवायच्या तिथला दगड अजून काळपट दिसतो.

आणि मी परत सोळा वर्षांची होऊन तुमच्या चुलीपुढं बसलेली. धणे भाजतेय, बाहेर बायका बांगड्या भरून राहिल्यात, माझा कान तिकडं. तुम्ही अंगणात असता आणि तिथूनच तुम्हाला वास लागतो. आत येता, ओरडत न्हाई, कढई उचलता आणि सगळे धणे उकिरड्यावर ओतून येता. "पंगतीत बसलेला माणूस तुला वळखतो का?" तुम्ही विचारता. मी मान हलवते. "मग त्याला काय म्हणून जळकं खाऊ घालतीस?" त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला मूठमूठ धणे भाजून हुंगायला लावलं, रडले तरी सोडलं न्हाई. मला जे येतं ते सगळं त्या एका दिवसाचं आहे. नात व्हिडिओत विचारते, आजी, तू कुणाकडून शिकलीस, तर मी म्हणते, आपोआप येतं.

कुलपाचा फोटो बघून ती माझ्यावर तापली. म्हणाली, एकाच दुकानाचे दोन पत्ते दिसले की शोधणारं यंत्र गोंधळतं, खरं कोणतं त्याला कळत न्हाई, मग ते दोन्ही खाली ढकलतं. नाव, पत्ता, नंबर सगळीकडं एकच पाहिजे. तिनं त्या उदगीरच्या माणसाला फोन करून माफी मागितली, बसनं येसर पाठवला, त्यानं चांदण्याही वाढवल्या. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, जळकोटचं काढायचं आता. मला वाटलं तिला थांबवावं. पुन्हा त्या दारावर कुणी येणार न्हाई मग. तिनं विचारलं, "तिथं खरंच कुणी येसर करत होतं का, आजी?"

"तुझी पणजी."

"मग बंद कधी केलं तिनं?"

मी म्हटलं, लई दिवस झाले. तिनं बोट दाबलं आणि मला दाखवलं. तुमच्या दाराखाली लाल अक्षरात आलं, कायमचं बंद.

ही वही नातीची जुनी, मागची पानं कोरी होती. इथंच राहील हे. ती विचारते काय लिहून राहिलीस, मी सांगते, मापं लिहितेय.

आत्याबाई, ते बंदचे शब्द पहिले माझे. आम्ही कंधारला दुकान टाकलं तेव्हा नांदेडहून जळकोटला जाणारी गाडी आमच्यापुढंच थांबायची. तुमची गिऱ्हाइकं चहाला उतरायची, आणि मी त्यांना हाक मारून सांगायची, कशाला एवढं लांब जाता, आत्याबाईंच्यानं आता होत न्हाई, त्यांनी बंद केलं. चार वर्षं सांगत होते. तुम्ही गेल्यावर तुमचे डबे मी उघडले. पाच येसरानं भरलेले होते, एकातला त्याच आठवड्यात भाजलेला. ते मी कंधारला आणून विकले. लोक म्हणाले, ह्या खेपेला लई चांगला झालाय, आणि मी होय म्हटलं.

पोरीनं लिहिलं ते आज खरंच आहे. मी सांगत होते तेव्हा तुम्ही ओट्यावर डबा घेऊन बसलेल्या होता.