बायकांच्या वॉर्डची कडी

आई,

परवा पारनेरच्या पुढच्या माळावर शूटिंग बघायला गेले होते. मी लिहिलेल्या सिनेमाचं. मी सिनेमे लिहायला लागले ते तू गेल्यानंतर, त्यामुळे तुला हे ठाऊक नाही. गोष्ट गावापासून लांब असलेल्या मनोरुग्णालयाची आहे. बंद वॉर्डातून एक बाई नाहीशी होते आणि कडी कोणी काढली ते शेवटपर्यंत कळत नाही. एका बंद पडलेल्या वसतिगृहाचं त्यांनी रुग्णालय केलंय. भिंतींवर ओल रंगवली आहे, कड्या गंजवल्या आहेत. तुझ्या रुग्णालयातल्या कड्या निळ्या होत्या आणि तू त्यांना खोबरेल लावायचीस, कारण कुरकुरल्या की आतल्या बायका दचकायच्या. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. त्यांना कडी कुरकुरायलाच हवी होती.

तू तिथे आया होतीस आणि शनिवारी शाळा सुटली की मी तुझ्याकडे यायचे. तुझं माहेर शनी शिंगणापूरचं, घराला दार नसलेलं. लग्न होईपर्यंत कडीला हात लावला नव्हता आणि नोकरी मिळाली ती कड्या लावायची, असं तू हसत सांगायचीस. सवय नव्हती म्हणूनच की काय, लावलेली कडी तू दोनदा ओढून बघायचीस. दुपारी जेवणाच्या वेळी कुलूप नसायचं, नुसती कडी. त्या शनिवारी तू मागच्या बाजूला भाकरी खायला बसली आहेस आणि मी वॉर्डासमोर एकटी आहे. राहुरीकडची ती बाई, जी गजांतून हात काढून माझ्या वेण्या घालायची, हळूच म्हणते, "पोरी, कडी काढ की गं. लेकाला बघते आन् लगीच येते." मी दप्तर दाराशी ठेवते, त्यावर उभी राहते आणि कडी काढते.

संध्याकाळी मेट्रनबाईंनी सगळ्यांना उभं केलं. तू लगेच पुढे झालीस. "माझीच चूक बाई. आमच्या गावात घरान्ला दारंच न्हाईत. हात इसरला."

"इथं तुझा शनी बसलाय का राखणीला?" मेट्रनबाई म्हणाल्या. सगळे हसले. तूही हसलीस. घरी आल्यावर तू ओल्या फडक्याने माझं दप्तर पुसलंस. त्यावर माझ्या चपलेचा ठसा होता. मला काही विचारलं नाहीस, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी राहुरीकडच्या त्या बाईला तिच्या भावाने टेम्पोतून परत आणून सोडलं. पायांना फोड आले होते. लेकाला तिच्यासमोर आणलंच नाही म्हणे. त्यानंतर तिने माझ्या वेण्या घातल्या नाहीत. तुला वॉर्डातून काढून धुलाईवर टाकलं आणि तू रिटायर होईपर्यंत तिथेच राहिलीस. सोड्याने बोटं फाटायची. ते तू सोसलंस. पण वॉर्डातल्या बायका खिडकीतून तुला हाका मारायच्या आणि तुला आत जायची परवानगी नव्हती. तेव्हा तू बादली जोरात आपटायचीस.

सिनेमात मी खरं तेच लिहिलं होतं. कडी मुलगी काढते. शेवटच्या पानावर ती आईला तसं सांगते. हे पान लिहायला मला बाकीच्या सिनेमाइतकाच वेळ लागला. परवा दिग्दर्शक खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. वयाने लहान आहे, पण गुणी आहे.

"ताई, शेवटी सगळं आईवरच येऊ द्या ना. पोरगी निघाली तर लोक हळहळतात. आई निघाली तर हादरतात. आणि माफीचा सीन लांबतो हो."

"म्हणजे मुलगी सांगतच नाही?"

"कशाला सांगेल? तिने काही केलेलंच नाही."

‘विचार करते’, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी तिथल्या तिथे हो म्हणाले. सिनेमाच्या भल्यासाठी म्हणाले असं त्याला वाटलं आणि त्याने माझे आभार मानले. हे पत्र तुला पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं तरी लिहिता येतंय. आई, हो म्हटल्यावर मला हायसं वाटलं.