किंचित पिवळी झाक

१ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोज फोटो. लेकीनं तिचा जुना कॅमेरा पाठवलाय, सोबत माहितीपुस्तिका. पुस्तिकेत शुद्धलेखनाच्या तीन चुका सापडल्या. सव्वीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतोय, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणजे निम्मा फोटोग्राफर मी आधीच आहे. उरलेला निम्मा महिनाभरात होईन. एप्रिलमध्ये वाचनालयात हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे, विषय 'रोजचं जगणं'. फोटो द्यायची शेवटची तारीख १२ मार्च. भरपूर वेळ आहे.

२ फेब्रुवारी
किटली. चौतीस फोटो. चौतीसही फोटोंत किटलीच्या पोटावर माझं पोट.

५ फेब्रुवारी
कबुतर उडालं. दुसरंही उडालं. मग रस्त्याचे फोटो घ्यायला गेलो, तर कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्यानं विचारलं, रस्ता रुंद करणार आहात का, माझी टपरी जाणार का? नाही म्हटलं तरी पटेना. घराबाहेर कलेला वाव नाही.
ठरलं. हिचेच फोटो काढायचे. ही म्हणाली, काढा हवे तेवढे, पण मला बसून राहू द्या, हल्ली फार दमायला होतं. उत्तम! बसलेला माणूस हलत नाही.

९ फेब्रुवारी
खिडकीजवळची खुर्ची पक्की केली. उजेड डावीकडून, मागे पांढरी भिंत. चेहरा छान उठतो. फक्त ही सारखी हात खाजवते, त्यामुळे बोटं धूसर येतात. म्हटलं, तीन सेकंद तरी दम धर. म्हणाली, रात्रभर हेच चाललेलं असतं. रात्रीचं रात्री बघू, म्हटलं, आता उजेड जातोय.

१७ फेब्रुवारी
फोटोंना किंचित पिवळी झाक. पुस्तिका म्हणते, पांढरं पांढरंच यावं म्हणून व्हाइट बॅलन्स बदला. बदलला. झाक तशीच. दोष पडद्यांचा असणार, पडदे जुने आहेत, उजेड गाळून पिवळा करतात. हिला धुवायला काढून दिले. तिसऱ्या पडद्याला ही बादलीशेजारीच खाली बसली. उरलेले पाच मी धुतले. नोंद मुद्दाम करून ठेवतोय.

१९ फेब्रुवारी
पडदे स्वच्छ. झाक आहेच.

२१ फेब्रुवारी
बल्ब बदलला. फोटो दिवसाउजेडी काढतो, तेव्हा बल्ब लावलेलाच नसतो, हे नंतर लक्षात आलं. असो. घरात नवीन बल्ब आला.

२८ फेब्रुवारी
हिच्या घड्याळाच्या पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं. महिन्यातलं दुसरं. बाइंडिंगची आरी आणली होती, अगदी सरळ रेषेत पाडलं. जवळून फोटोही घेतला, चामड्याचा पोत अप्रतिम!
हिचा चेहराही आता फार सुरेख येतो. पूर्वी नुसता गोल दिसायचा. आता गालांची हाडं दिसतात, त्यांच्याखाली सावली धरते. चार आठवड्यांत चेहऱ्याला असा आकार आणणं सोपं नाही. उजेडाचा अभ्यास फळाला आला.

४ मार्च
लेकीला सहा निवडक फोटो पाठवले. लगेच फोन. वाटलं, कौतुक करायला. तर म्हणाली, बाबा, आईला काय झालंय? तिला दहा मिनिटं व्हाइट बॅलन्स समजावला. ती रडत होती की लाइन खराब होती, कळलं नाही. मग आईला द्या म्हणाली. ही स्वयंपाकघराचं दार लोटून बोलली.
बाहेर आल्यावर ही म्हणाली, अहो, सोमवारी डॉक्टरकडे जाऊन यायचं का? म्हटलं, बारा तारखेला फोटो द्यायचेत, तेरा तारखेला नक्की जाऊ. बरं, म्हणाली. हिचा हाच समजूतदारपणा मला आवडतो.

७ मार्च
पुस्तिकेतली शेवटची सूचना: डोळ्यांवर फोकस हवा. डोळे जमले की फोटो जमला. आज जमले. हिनं पाणी मागितलं होतं, ते नंतर दिलं.

१० मार्च, दुपारी १
मोठे प्रिंट काढून छापखान्यात नेले. मशीनवरच्या भाऊंना दाखवले. चाररंगी छपाईत त्यांचे केस पांढरे झालेत, रंगातलं त्यांना कळतं. त्यांनी भिंग लावलं. एकेक प्रिंट दोनदोनदा पाहिला. शेवटी मीच विचारलं, पिवळा जरा चढलाय ना?
म्हणाले, भिंत बघा. पांढरी आहे, पांढरीच आलीय. वहिनींच्या अंगावरची शाल पांढरी, तीही पांढरीच. तुमच्या कॅमेऱ्याचा रंग अगदी बरोबर आहे.
मग भिंग खाली ठेवलं. म्हणाले, वहिनींना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. साहेबांना काय ते मी सांगतो.
मी दुखावलो. चांगलं काम पाहिलं की माणसं विषय बदलतात. तरी भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. फोकस अचूक आहे. पापण्या मोजता येतात. डोळ्यांत पांढरं कुठेच नाही.

१० मार्च, संध्याकाळी
घरी पोचलो तेव्हा ही त्याच खुर्चीत होती. मला अवेळी आलेला पाहून घाईघाईनं केस सारखे करायला लागली. कॅमेरा कुठाय म्हणाली.

११ मार्च
हॉस्पिटल. कावीळ आहे. पण नुसती कावीळ नाही, पित्ताची नळी कशानं तरी दाबली गेलीय. कशानं, ते उद्याच्या स्कॅननंतर. आतापासून काही सांगत नाही, म्हणाल्या डॉक्टरबाई. ते ज्या आवाजात सांगितलं, त्यावरून पुढे विचारायचा धीर झाला नाही. लेक रात्रीच्या गाडीनं निघतेय.
डॉक्टरबाई आमच्या लेकीच्याच वयाच्या. त्या एकेक विचारत होत्या. खाज कधीपासून आहे? भूक कधी गेली? वजन किती उतरलं? पाठीत दुखतं का, जेवणाआधी की नंतर? प्रत्येक वेळी मी तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी उत्तर हिनं दिलं. जानेवारीपासून. जानेवारीपासूनच. नऊ किलो. जेवणानंतर, आणि आडवं झालं की जास्त.
पाठीत दुखतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.
डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. हिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?
हो म्हटलं.