घोट्यांमधले आठ सेंटिमीटर

२ डिसेंबर
फिजिओताईने उभं केलं. गुडघे चिकटले, घोटे लांबच. मध्ये पट्टी धरून म्हणाली, आठ सेंटिमीटर. रोज व्यायाम, बुटात तळव्याखाली आधाराच्या गाद्या, म्हणजे इनसोल, सहा महिन्यांनी बघू.
सहा महिने कुणाकडे आहेत? सहा आठवड्यांनी क्रीडादिनाच्या संचलनाची निवड. यंदा शाळेचा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे मीच चालणार. सावधानमध्ये टाचा जुळल्याच पाहिजेत. म्हणजे आठवड्याला सव्वा सेंटिमीटरच्या जरा वर. त्यात काय अवघड आहे? वर्गात मला ‘कैची’ म्हणतात. मग बघते कोण म्हणतं ते.

३ डिसेंबर, सकाळी ६
कुशीवर झोपायचं, मांड्यांना रबरी पट्टा, वरचा गुडघा उघडायचा, मिटायचा. पंधरा वेळा.
६.०४ चार झाले. शरीराला सवय लागू द्यावी.
६.५० कुशीवर झोपवल्यावर झोप लागणारच. चूक व्यायामाची आहे.

७ डिसेंबर
इनसोल टोचतात. आईने विचारलं, बुटात घातलेस ना? हो म्हणाले. खोटं नाही. तिच्या चालायला जायच्या बुटात घातलेत. ते तिने घेतल्यापासून पायात घातलेले नाहीत. एवढी सुरक्षित जागा घरात दुसरी नाही.

१५ डिसेंबर
शोध लागला! आरशासमोर उभं राहून एक गुडघा दुसऱ्याच्या जरा मागे सरकवला, टाचा टक्कन जुळल्या. शून्य सेंटिमीटर. तेही व्यायामाशिवाय. फिजिओताईने एवढं शिकून काय मिळवलं कोण जाणे.

२० डिसेंबर
फिजिओताईकडे आमच्या वर्गातली चष्मेवाली भेटली. तिचे नऊ आहेत. पट्टा लावून मोठमोठ्याने आकडे मोजत होती. तीही झेंड्यासाठी उभी राहणार म्हणे. कीव आली म्हणून तिला युक्ती दाखवली. तिने विचारलं, मग चालणार कशी? काहीतरीच प्रश्न.
फिजिओताईने माझा गुडघा धरून पुढे ओढला. पुन्हा आठ. इनसोल कुठेत म्हणाली. धुवायला टाकलेत म्हणाले.

२८ डिसेंबर
आई रोज सकाळी चालायला जाऊ लागलीय. म्हणते, या बुटांत पाऊल कसं छान पडतं, उगीच इतके दिवस नुसते ठेवले. माझं बघून तिलाही व्यायामाची गोडी लागली असणार. बरं वाटलं.

११ जानेवारी, संध्याकाळ
उद्या निवड. सावधानचा सराव चाळीस वेळा केला. चालायचं काय, ते तर एक वर्षाची असल्यापासून येतं. भीती अजिबात नाही. दप्तर तीनदा भरलं ते वेळ जात नव्हता म्हणून.

१२ जानेवारी
सावधान. माझ्या टाचा जुळल्या. शेजारी चष्मेवालीच्या टाचांमध्ये वही मावली असती. मग सर म्हणाले, पुढे चल. मागचा गुडघा पुढच्यात अडकला. झेंड्याच्या काठीसकट मी पालथी. कुणी कैची म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.
झेंडा चष्मेवालीला.

४ वाजता
सरांना गाठलं. विचारलं, तिच्या टाचा जुळत नाहीत त्याचं काय? सर म्हणाले, टाचा कोण बघतं, मी चाल बघतो. गेल्या वर्षीच तुझी चाल बघून ठरवलं होतं, यंदा झेंडा तुलाच द्यायचा. आज तुला झालं तरी काय?
संडासात जाऊन रडले. इथे लिहायला हरकत नाही, हे कोण वाचतंय.

१३ जानेवारी, सकाळी ६
इनसोल आणायला गेले तर आई दारात बसून त्याच बुटांच्या नाड्या बांधत होती. सगळं सांगून टाकलं. रागावेल वाटलं. तिने दुसऱ्या बुटाचीही नाडी आवळली. मग म्हणाली, तुझी फिजिओताई नवे करून देईल, हे मी देणार नाही, कधी नव्हे ती माझी टाच दुखायची थांबलीय. आणि गेली चालायला.
पलंगाखालून पट्टा काढला, धूळ झटकली. पंधरा केले. मध्ये दोनदा मोजायला चुकले, तरी पंधराच धरले.