अडतीस ग्रॅम

रविवार, २ फेब्रुवारी

आज दुपारी लेकीच्या घरी मुक्काम हलवला. खोली अपेक्षेहून चांगली निघाली. पूर्वेला खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर माझा शब्दकोश आणि मुद्रितशोधनाच्या काळातले भिंग. दोन्ही वस्तू लेकीने आधीच मांडून ठेवल्या होत्या. एकेचाळीस वर्षे मी इतरांची मुद्रिते तपासली आणि त्या काळात एकही अपुरे वाक्य पानावर राहू दिले नाही. उरलेल्या दिवसांत स्वतःची वाक्ये लिहावीत, असा बेत आहे.

खोलीत माझ्याशिवाय आणखी सात रहिवासी आहेत. जावईबापूंनी गुंतवणूक म्हणून घेतलेले, ठोकळे जोडून इमारती उभ्या करायच्या खेळण्यांचे हे सात संच. कंपनीने त्यांचे उत्पादन बंद केले आहे. त्यामुळे न उघडलेले खोके जितके जुने होईल तितका त्याचा भाव चढतो. ‘सेट रिटायर झाला की किंमत वाढते, बाबा,’ असे ते म्हणाले. माणसाच्या बाबतीत ही सोय का नाही, असे मी विचारले. लेक खळखळून हसली.

माझ्याकडे काम एवढेच: खोक्यांवर ऊन पडू द्यायचे नाही आणि अधूनमधून त्यांचे वजन करायचे. खोके न उघडता आतले तुकडे पूर्ण आहेत की नाहीत, हे जाणकार वजनावरूनच ओळखतात. बावीस तारखेला एक संग्राहक सातही संच पाहायला येणार आहेत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

खोक्यांची मांडणी पाहून अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईंकडून हे संच विकत घेतले, त्यांच्या दिवंगत यजमानांनी ते म्हणे घरभर विखरून ठेवले होते: एक पलंगाखाली, एक कपाटात, पाचव्या क्रमांकाचा तर स्वयंपाकघराच्या माळ्यावर. जावईबापूंनीही तोच गबाळेपणा पुढे चालवला होता. वजनांच्या वहीत ‘खिडकी’ हा शब्द ते ‘खीडकी’ असा लिहितात, तेव्हा नवल वाटले नाही.

प्रत्येक खोक्याच्या दर्शनी बाजूवर तळाशी रस्त्याचा एक तुकडा छापलेला आहे. घड्याळजीचे दुकान, टपाल कचेरी, बेकरी, न्हाव्याचे दुकान, दवाखाना, ग्रंथालय आणि शेवटी एक राहते घर, असा क्रम. खिडकीपासून माझ्या उशाशी येणाऱ्या लांब फळीवर मी ती खोकी क्रमाने, एकमेकांना चिकटवून लावली. रस्ता अखंड झाला. राहते घर माझ्या डोक्याशी आले. मग सर्वांचे वजन केले. वहीशी ग्रॅमपर्यंत जुळले. फार दिवसांनी काहीतरी दुरुस्त केल्याचे समाधान लाभले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

घड्याळजीच्या दुकानात अडतीस ग्रॅम कमी भरले, आणि शेजारच्या टपाल कचेरीत अडतीस ग्रॅम जास्त. काट्यासोबत आलेले पितळी वजन ठेवून पाहिले. काटा चोख आहे. चिकटपट्ट्या भिंगाखाली तपासल्या. एकही कड उचललेली नाही.

जावईबापूंच्या मते दमट हवेने पुठ्ठा फुगतो. एक पुठ्ठा फुगावा आणि शेजारचा नेमका तेवढाच वाळावा, अशी हवा कोणत्या देशात वाहते, असे मी विचारले. त्यावर, ‘बाबा, निवृत्तीनंतरही प्रुफं तपासताय होय,’ एवढे म्हणून ते अंघोळीला गेले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

टपाल कचेरी पूर्ववत झाली. अडतीस ग्रॅम आता बेकरीत आहेत.

जावईबापूंना वही दाखवली. त्यांनी उभ्या उभ्या तळाची बेरीज पाहिली. ‘टोटल जुळते ना? मग झालं तर.’ बेरीज जुळते, हीच तर माझी तक्रार आहे. काही हरवले असते तर त्यांनी घर डोक्यावर घेतले असते. काहीतरी चालत निघाले आहे, याचे त्यांना सोयरसुतक नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज न्हाव्याच्या दुकानात. तुकड्यांची यादी मिळवून वाचली. माणसाचे बाहुले टोपीसकट तीन ग्रॅमचे असते. अडतीस ग्रॅमचा एकही तुकडा साती संचांत नाही.

जावईबापूंना हाताला धरून काट्यापाशी आणले. त्यांनी स्वतःच्या मर्जीने बेकरी उचलली. ती बरोबर भरली. ‘बघा,’ म्हणाले. चौथे खोके ठेवा, अशी विनवणी मी केली. त्यांना कामावर जायला उशीर होत होता. नंतर दाराआडून लेकीचा आवाज ऐकला. बाबांची स्मरणशक्ती एकदा तपासून घ्यावी का, असे ती दबक्या आवाजात त्यांना विचारीत होती. तिचा पहिला दात कोणत्या वारी पडला, हे मला आजही सांगता येईल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

त्या बाईंना फोन केला. त्यांनी माझा नमस्कारही पुरता होऊ दिला नाही. खोकी एकमेकांना लावून ठेवली आहेत का, एवढेच विचारले. होय, आणि क्रमाने, असे मी काहीशा अभिमानाने सांगितले. मग म्हणाल्या, की यजमानांनी दोन खोकी कधी शेजारी येऊ दिली नव्हती. तुमच्या जावयांना मी दोनदा बजावले होते. पाचवे आजच्या आज दूर करा. शेवटच्या खोक्यापाशी कोण झोपते, असेही विचारले. मी झोपतो, असे म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

ते अजून चौथ्यातच आहे. मी ‘ते’ लिहिले. खोडत नाही.

या वयात स्टुलावर चढलो आणि पाचवे खोके, म्हणजे दवाखाना, स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवून आलो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

तीन दिवस ते चौथ्यातच राहिले. तीनही रात्री गाढ झोपलो.

आज जावईबापूंना माळ्यावर दवाखाना सापडला. तेलकट धुराने पुठ्ठा चिकट झाला आहे आणि एक कोपरा चेपला आहे. ते ओरडले नाहीत. ओरडते तर बरे झाले असते. वजनापुरते उचला, पण पुन्हा एक खोके जागेवरून हलले तर ज्येष्ठ निवासाचे माहितीपत्रक टेबलावर आहेच, असे त्यांनी लेकीसमोर सांगितले. लेक खाली पाहत राहिली. मी शब्द दिला. दवाखाना जागेवर आला, दोन्ही शेजाऱ्यांना चिकटून.

दिलेला शब्द मोडणे मला कधी जमले नाही. त्याचे दुःख आज प्रथमच होते आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी दवाखाना. दुपारी ग्रंथालय. पूर्वी दोन दिवस लागत असत.

पलंग भिंतीत बसवलेला आहे, हलत नाही. उशी पायथ्याशी नेली. लेकीने ती पुन्हा उशाशी ठेवली आणि अशाने मान धरेल, असे म्हणाली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

राहते घर. अडतीस जास्त.

कानाशी धरून पाहावे, असे वाटले. धरले नाही —

बुधवार, १९ फेब्रुवारी

राहते घर बरोबर भरले. पट्ट्या अखंड. सहा खोकी बरोबर, पहिल्यात अडतीस कमी. बेरीज प्रथमच जुळत नाही.

जावईबापूंना तेवढेच सांगितले: आता बेरीजही चुकते. या वेळी त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग मी काय काढले आणि कुठे ठेवले, असे विचारले.

लेकीने माझे खिसे तपासले. हळुवारपणे — पण तपासले.

गुरुवार, २० फेब्रुवारी. सकाळी दहा

दोघे निवास पाहायला गेली आहेत. माझे जाणे ठरले.

काटा टेबलावर आहे. त्यावर काही नाही. आकडा अडतीस.

शून्याची कळ दाबली. शून्य. थोड्या वेळाने उणे अडतीस. म्हणजे उतरले.

मी भ्रमिष्ट नाही. पुरावा ठेवतो. काटा पुन्हा शून्यावर आणला. रोजनिशी त्यावर ठेवून लिहीत आहे. हात उचलतो, आकडा पाहतो, टिपतो. रोजनिशीचे वजन ४१२. लेकी, हे आकडे वाच. बेरीज तूच कर —

४१२.

४१२.

४५०. पानावर काही दिसत नाही. कागद मात्र चेपला आहे — या ओळीच्या पुढे — एका शब्दाला लागेल तेवढी जागा

४५०. ओळ पुढे नेतो तसे ते मागे सरत नाही

४१२. उतरले. टेबलावर नाही. काटा स्थिर आहे. लेखणी जड — आत्ताच जड झाली. अडतीस ग्रॅम म्हणजे किती, ते आता बोटांना