परसातली शुद्ध पपई

५ जानेवारी
आजपासून घरात जीएम बंद. जनुकं बदललेलं पीक माझ्या पोटात जाणार नाही. बायको, शार्लीन, म्हणाली, मग जाणार काय? कपाट तपासलं. सोयासॉस, तेल, मेयोनेझ, मक्याच्या चिप्स, सगळे संशयित. खोक्यात भरून गराजमध्ये.

६ जानेवारी
सोयासॉस परत आणला. आंबवल्यावर जनुकं मरत असणार. चिप्सही आणल्या. मुंग्या लागल्या असत्या.

१ फेब्रुवारी
खरा लढा पपईचा! रोगाने जुनी जात झोपवली तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळ्या बागा जीएम. एकट्या शेजारच्या रोझलिना आंटी जुनी लावतात, जपानच्या गिऱ्हाइकांसाठी, त्यांना जीएम नको असते. पण तो धंदा. माझं तत्त्व. जुन्या जातीचं बी परसात पेरलं. गेटवर पाटी लावली: जीएममुक्त क्षेत्र.
आंटी म्हणाल्या, लावतोयस तर रोज बघत जा रे बाबा, चट्टा दिसला की झाड मुळासकट उपट. मला शिकवतात! हॉटेलात कामाला होतो तेव्हा लॉबीतल्या सगळ्या कुंड्या माझ्याकडे होत्या. प्लास्टिकच्या होत्या, पण शिस्त तीच.

१४ ऑगस्ट
पानं पिवळी, सुरकुतलेली. नैसर्गिक झाड आहे, थकणारच. गल्लीतली जीएम झाडं बघा, निर्लज्जासारखी हिरवीगार.

३० सप्टेंबर
फळांवर गोल गोल कडी उमटली. निसर्गाचा शिक्का! हिलो गावच्या बाजारात सगळ्यांना फोटो दाखवले. लोक बघतच राहिले.
दुपारी आंटी कुंपणाशी. म्हणाल्या, विल्फ्रेड, हाच तो रोग. मावा कीड तो झाडाझाडांवर नेते. आजच्या आज तोड. जीएमवाल्यांना काही होत नाही रे, मरेन ती मी.
विचार करतो म्हटलं. हेवा, दुसरं काय! शार्लीनने कुऱ्हाड आणून दारात ठेवली. मी पाटीला नवा रंग दिला.

८ ऑक्टोबर
पहिलं फळ कापलं. काकडीसारखं लागलं. शुद्ध चव अशीच असणार, आपल्या जिभा बिघडल्यात. शार्लीनने तिची फोड कोंबड्यांना टाकली. त्यांच्याही जिभा बिघडल्यात.

१७ नोव्हेंबर
आंटींच्या बागेत चट्टे. वारा कुठूनही येतो, माझ्याच परसातून कशावरून? त्या अंगणात उभ्या राहून जपानला फोन करत होत्या. यंदा माल नाही, पुढेही नाही. बराच वेळ सॉरी म्हणत होत्या.
संध्याकाळी माझी झाडं तोडली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तशीही म्हातारी झाली होती.

२ डिसेंबर
आंटींनी अख्खी बाग काढून टाकली. आता जीएमची रोपं लावताहेत. खड्डे मी खणतोय. शार्लीन नुसतं जा म्हणाली, गेलो. आंटी दिवसभर एवढंच बोलल्या, अजून खोल.
दुपारी त्यांनी समोरच्या बागेतली पपई कापली, एक फोड माझ्यापुढे धरली. नाही म्हणायची सोय नव्हती. गोड होती. फारच गोड.
दुसरी मी मागून घेतली.