पाखरांसाठी मोठ्याने

आई, या वर्षी कडुनिंब जरा लवकरच मोहरला. सकाळी दार उघडले की अंगणभर बारीक पांढरी फुले सांडलेली असतात, आणि झाडून काढली तरी दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच साचतात. शेताच्या धुऱ्यावरचा पळस फुलून आता उतरणीला लागला आहे. हरभरा आणि गहू घरात आले. बाबांनी डोणगावच्या बाजारातून नवा माठ आणला आहे. त्याच्या पाण्याला अजून मातीची चव लागते आणि ती जाऊ नये असे मला वाटते. भीमजयंती जवळ आल्यामुळे घराला चुना देणे सुरू आहे. चुन्यात नीळ किती घालावी, यावरून बाबांचा आणि शेजारच्या मावशीचा वाद तू होतीस तेव्हा जसा होई, तसाच अजून होतो. काल मावशी कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "भाऊजी, भिंत रंगवून राह्यले का कपडे निळीत घालून राह्यले?" बाबांनी मागे न पाहता उत्तर दिले, "जयंती हाये बाई. निळं झालं तं झालं."

तू गेल्यावर आपल्या घरी कुरडया झाल्या नाहीत. बाबा बाजारातून विकत आणत आणि मी त्या तळत असे. या वर्षी मात्र मी गहू भिजत घातले. रोज सकाळी त्यांचे पाणी बदलताना तो आंबूस वास हाताला लागायचा आणि दिवसभर पुस्तकाच्या पानांनाही यायचा. बाबा म्हणाले, "काऊन एवढा कुटाना करतं? इकत भेटतात न." पण चीक शिजवायच्या दिवशी पहाटेच चूल त्यांनी पेटवून ठेवली होती. मावशी घोटायला आली, मी पीठ सोडत गेले, आणि पहिला गरम चीक वाटीत घेऊन आम्ही तिघांनी दूध-साखर घालून खाल्ला. तुझा पितळी सोऱ्या दाबताना माझे तळहात लाल झाले. कुरडया सगळ्या सारख्या गोल झाल्या नाहीत. काही तर चक्क लांबट झाल्या आहेत. मावशी म्हणाली, "खाऊन टाकल्यावर कोन मोजमाप करते?"

स्लॅबवर तुझे जुने सुती लुगडे अंथरले, त्यावर कुरडया पसरल्या आणि राखणीला मी बसले. बसल्यावर ती दुपार आठवली. मी पाचवीत आहे. याच स्लॅबवर हातात काठी आणि मांडीवर धड्यांचे पुस्तक घेऊन बसले आहे. काठी केव्हाच बाजूला पडली आहे, आणि चिमण्या व साळुंक्या माझ्या पायापर्यंत येऊन ओल्या कुरडयांचे तुकडे नेत आहेत. तू जिन्यावरून वर येतेस, कमरेवर हात ठेवतेस. मला वाटते, आता पुस्तक हिसकावले जाणार. तू विचारतेस, "राखन करून राह्यली का पाखराले जेवू घालून राह्यली?" मी खाली पाहते. मग तू पुस्तकाकडे बोट दाखवतेस. "मनातल्या मनात वाचलं तं पाखराले कसं समजीन? मोठ्यानं वाच. पाखरं बी उडतीन, अन् मले बी खालून आयकू येईन." वर्गात गुरुजींनी उभे केले की माझा आवाज घशातच राहायचा, हे तुला ठाऊक होते. पण पाखरांपुढे लाजायचे कसे? मी वाचत गेले. खाली भाकरी थापल्याचा आवाज येई, आणि मी थांबले की तोही थांबे. "मंग? पुढं?" असे तू खालून विचारायचीस. दोन उन्हाळे तू शाळेतले सगळे धडे असेच ऐकलेस.

आता या पत्राचे खरे कारण सांगते. जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर मुलींपैकी एकीने बोलायचे असते. इतकी वर्षे ते भाषण मी लिहीत आले आणि मावशीची मुलगी ते बोलत आली. टाळ्या तिला मिळत, आणि खरे सांगायचे तर मागच्या रांगेत अंधारात बसून त्या ऐकणे मला पुरेसे होते. या वर्षी ती लग्न होऊन सासरी गेली. मावशी म्हणाली, "आता लिहिनारी बी तूच अन् बोलनारी बी तूच. शाळेत पयली येते, अन् माईक पाहून तोंडाले कुलूप लावते व!" मी दोन दिवसांची मुदत मागितली. नाही म्हणायचे शब्दसुद्धा मनाशी जुळवून ठेवले होते.

तर आज दुपारी स्लॅबवर साळुंक्या आल्या, आणि जवळ वाचायला होता तो भाषणाचाच कागद. पहिली ओळ मी इतकी हळू वाचली की एकही पाखरू हलले नाही. दुसऱ्या ओळीला जरा आवाज चढवला, तिसऱ्या ओळीला लुगड्यावरची सगळी भुर्रकन उडून निंबावर जाऊन बसली. मी वाचत राहिले. अर्ध्यावर कागद उलटायला थांबले, तर खालून चुन्याच्या कुंच्याचा फरफर आवाजही थांबलेला होता. बाबांनी हाक दिली, "थांबली काऊन? वाच न पुढं."

मी शेवटपर्यंत वाचले. संध्याकाळी मावशीकडे जाऊन होकार दिला. तिने माझ्या गालाला चुना लागला होता तो पदराने पुसला.

कुरडया अजून वाळायच्या आहेत, त्यामुळे उद्याही राखण आहे. हे पत्र कुठे टाकायचे नाही. एकच गोष्ट सांगायची राहिली. बाबांची हाक आली तेव्हा खाली तू नाहीस, हे मला क्षणभर आठवलेच नाही. मग आठवले, आणि आई, तरीही माझा आवाज दबला नाही.