सहापेक्षा कमी नकोत

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार. मेहकर

बारा! पहिल्या मोजणीत अकरा, दुसऱ्या मोजणीत तेरा. तिसऱ्यांदा मोबाइलने छायाचित्र काढून बारा. निऑन टेट्रा जातीचे मासे क्षणभरही स्थिर राहत नाहीत. यापुढे मोजणी छायाचित्रावरूनच.

टाकी आईच्या पलंगासमोर ठेवली. बाबा गेल्यावर तिला जानेफळहून येथे आणले, त्यास दीड वर्ष झाले. घरात आम्ही दोघेच. तिचे मन रमावे, हा खरेदीमागील हेतू. बुलडाण्याचा दुकानदार प्रसेनजित म्हणाला होता, "सर, हे कळपानं राह्यतेत. सहाच्या खाली नका जाऊ. एकटा पडला का खानं सोडते."

आई म्हणाली, "मले मासे नाई पाह्यजेत भाऊ. मले घरी नेऊन दे."

घर हेच आहे, असे सांगितले.

५ सप्टेंबर

बारा.

८ सप्टेंबर

नळाला नवव्या दिवशी पाणी आले. त्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी बादली चोवीस तास उघडी ठेवावी लागते. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली — 'माशांचे पाणी. हात लावू नये.'

"इथं हात लावाले चालते असं काय हाये, तेवढं सांग," आई म्हणाली.

११ सप्टेंबर

आईने माशांना नावे दिली आहेत. पुष्पाबाई, आशाबाई, अन्नपूर्णा — सर्व जानेफळच्या तिच्या गल्लीतील बायका. सर्व मासे एकसारखे दिसतात, ओळख पटणे अशक्य, हे तिच्या निदर्शनास आणून दिले.

"तुले कशी पटन? तुवा फक्त मोजल्या."

१४ सप्टेंबर, रविवार. अष्टमी

बाबांचे श्राद्ध. आईला पैनगंगेवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या होत्या. पायऱ्यांवर शेवाळ, तिचे गुडघे असे — नकार दिला.

सायंकाळी पाहतो तर टाकीतील पाणी ताकासारखे! एकवीस गोळ्या!

"नदीवर नेलं नाई तुवा. मासे तं घरातच व्हते."

पाणी बदलले. तयार पाणी एकच बादली होते; बाकीचे क्लोरीनसह ओतले.

१५ सप्टेंबर

सात.

१६ सप्टेंबर

एक.

१९ सप्टेंबर

उरलेला मासा पंपाच्या मागे असतो. खात नाही. निळी रेघ फिकट पडली आहे. आई दिवसभर त्याच्यासमोर बसून. तिचीही पोळी ताटात तशीच.

प्रसेनजितला फोन केला. त्याच्याकडे आठ टेट्रा आहेत, परंतु दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखलेले. "विकता येत नाईत सर. पन तुमचा आनून सोडा त्याच्यात."

"नेऊन दे त्याले," आई म्हणाली. "थो आपल्यात बसन."

मी म्हणालो, प्रवास झेपणार नाही. येथे देखरेख आहे. येथे सर्व काही वेळच्या वेळी मिळते. तेथे काही झाले तर —

वाक्य पूर्ण करता आले नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

मासा बुलडाण्यास पोचवला. एसटीत पिशवी मांडीवर धरली होती. दुकानातील टाकीत सोडल्यावर सुमारे चार मिनिटांत तो इतरांत मिसळला. नंतर ओळखता आला नाही.

परतल्यावर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या हिशेबाने पुड्यांत बांधल्या. प्रत्येक पुडीवर वार घातला.

"हे काऊन रे?"

"उद्या सुटी आहे," म्हणालो.

२१ सप्टेंबर, रविवार. जानेफळ

आई जीपमधून उतरण्याआधीच ओट्यावरून पुष्पाबाईंचा आवाज — "आली वं गीता! मेहकरात सावलीत ठेवली व्हती का तुले? गोरी झाली की!"

"माशायसंग ठेवली व्हती," आई म्हणाली.

बायका बराच वेळ हसत होत्या. चहासोबत आईने दोन पोळ्या खाल्ल्या. मला कोणी बसा म्हणाले नाही.

२२ सप्टेंबर. मेहकर

सकाळी सवयीने टाकीचा दिवा लावून छायाचित्र काढले. मासे नाहीत. काचेत एक इसम, हातात मोबाइल. मोजणी: एक.

जानेफळहून सुटणारी पहिली एसटी कचेरीच्या वेळेआधी मेहकरला पोचते का — चौकशी करणे.